मूकांचा नायक आणि वर्गणीचा हिशेब

वर्तमानपत्र विचारांवर निघते. चालते मात्र पैशावर. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आणि खर्चण्यासारखे काहीच नाही, अशा समाजाने स्वतःच्या मालकीचे पत्र चालवावे कसे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर या प्रश्नाशी छत्तीस वर्षे झुंजले. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पत्रकार म्हणून त्यांनी सोसलेली ओढाताण मात्र क्वचितच सांगितली जाते.

1918 मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक निघाले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी 2500 रुपयांचे साह्य दिले. नोकरी सरकारी असल्याने संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. पैसे देऊ केले असताही 'केसरी'ने या पत्राची जाहिरात छापण्यास नकार दिला. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि 1923 मध्ये पत्र बंद पडले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा विख्यात ग्रंथही 1923 चाच, हा केवढा दैवदुर्विलास!

याचे कारण उघड आहे. अंकाच्या किमतीतून कागद, छपाई व टपाल यांचा खर्च भागत नाही. तूट जाहिराती भरून काढतात. परंतु जाहिरातदार वाचकाची व्यथा पाहत नाही, त्याची खरेदीची ऐपत पाहतो. शिवाय साक्षर थोडे; एकाने वाचायचे, इतरांनी ऐकायचे. श्रोते पुष्कळ, वर्गणीदार मोजके! नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांनीही बाबासाहेबांच्या आधीच ही बिकट वाट धरली होती.

तरीही बाबासाहेब थांबले नाहीत. महाडच्या सत्याग्रहानंतर, 3 एप्रिल 1927 रोजी, त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढले. संपादन त्यांचेच आणि बहुतांश मजकूरही त्यांच्याच लेखणीतला. 1929 मध्ये तेही थांबले. 24 नोव्हेंबर 1930 रोजी 'जनता' सुरू झाले. ते मात्र दीर्घकाळ टिकले. 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. निवडणूक गेली, पण पत्र सोडले नाही. 4 फेब्रुवारी 1956 रोजी 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले; त्याच वर्षी 6 डिसेंबरला त्यांचे महानिर्वाण झाले.

ही अडचण केवळ आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत अटलांटा येथे जेसी ब्लेटन या लेखापालाने 1949 मध्ये एक नभोवाणी केंद्र विकत घेतले. कृष्णवर्णीयाच्या मालकीचे ते त्या देशातील पहिले केंद्र होय. अशा केंद्रांच्या बाबतीत जाहिरातदारांनी हात आखडता घेतल्याचा अनुभव पुढेही येत राहिला. माध्यम बदलले, हिशेब तोच राहिला.

तात्पर्य, वाणीचे स्वातंत्र्य घटनेने मिळते. वाणीचे साधन मात्र ज्याचे त्याने पोसावे लागते. बाबासाहेबांच्या जयंतीला लाखनीतही त्यांच्या प्रतिमेला हार घातले जातील. ते योग्यच आहे. परंतु उपेक्षितांची बाजू मांडणारे एखादे छोटे पत्र वर्गणीअभावी बंद पडत असेल, तर त्या हारांचा उपयोग काय? महिनाअखेरीस पगार हाती घेणाऱ्या शिक्षकाने व कारकुनाने आणि उद्या तो घेणाऱ्या विद्यार्थ्याने या प्रश्नाचे उत्तर वर्गणी भरून द्यावे.