गोविंद सदाशिव घुर्ये
गोविंद सदाशिव घुर्ये (१२ डिसेंबर १८९३, मालवण - २८ डिसेंबर १९८३, मुंबई) हे भारतातील समाजशास्त्राच्या विद्यापीठीय अध्यापनाचा व संशोधनाचा पाया घालणारे समाजशास्त्रज्ञ होते.

संस्कृतात एम.ए. केल्यावर ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांचे मार्गदर्शक डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांचे १९२२ मध्ये अकाली निधन झाले, पुढे ए. सी. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली.

पॅट्रिक गेडिस यांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा घुर्ये यांनी १९२४ ते १९५९ या काळात सांभाळली. त्यांच्या लेखनाला प्राचीन संस्कृत ग्रंथांचा मोठा आधार असे. विद्यार्थ्यांना मात्र त्यांनी प्रत्यक्ष समाजात जाऊन पाहणी करण्यास प्रवृत्त केले. इरावती कर्वे यांनी चित्पावन ब्राह्मणांवर एम.ए.चा प्रबंध लिहिला, तर एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्ग लोकांवर पीएच.डी. केली. अ. र. देसाई यांनी मार्क्सवादी दृष्टीने भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी मांडली. घुर्ये स्वतः त्या विचाराचे नव्हते, तरीही तो प्रबंध त्यांच्याच मार्गदर्शनाखाली सिद्ध झाला. पुढे देसाई याच विभागाचे प्रमुख झाले. गुरूची मते न स्वीकारताही शिष्याला संशोधन करता येते, हा घुर्ये यांच्या विभागाचा महत्त्वाचा वारसा मानता येईल.