काळोखातील झोपडी

खंडाळ्याचा घाट उतरून आलेला पुण्याचा रस्ता पनवेलला पोहोचतो. पोटाची खळगी भरण्यासाठी देशावरून मुंबईकडे निघालेल्या किती माणसांची पावले या वाटेवर उमटली असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही. याच पनवेल तालुक्यातील शिरढोण गावी १८४५ साली वासुदेव बळवंत फडके जन्मले. १८७६-७७ च्या दुष्काळाने होरपळलेली खेडी त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि १८७९ मध्ये बंड उभारले. परकीय सत्तेइतकाच सावकाराच्या तिजोरीवरही त्या बंडाचा रोख होता. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची हीच कहाणी एका कलावंताने पडद्यावर आणली. त्याच्या हाती शस्त्र नव्हते, लेखणीही नव्हती. त्याच्या हाती होता कुंचला आणि स्वतःच्या खटपटीतून बनविलेला कॅमेरा. हा कलावंत म्हणजे कोल्हापूरचे बाबुराव पेंटर होत.

बाबुराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. कलाशाळेची पायरी न चढता केवळ पाहून आणि करून ते चित्रकला व शिल्पकला शिकले. मावसभाऊ किंवा चुलतभाऊ अशा नात्याच्या हिशेबापलीकडे ज्यांची जोडी एकजीव होती, त्या बंधू आनंदरावांसह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले आणि पेंटर हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र आला. तो पाहून या दोघा भावांना चलच्चित्राचा ध्यास लागला. महायुद्धाच्या काळात विलायती यंत्र मिळणे दुरापास्त, तेव्हा कॅमेरा घरीच बनविण्याचा त्यांनी निश्चय केला. १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले. बाबुरावांनी मात्र विष्णुपंत दामले यांच्यासारख्या सहकाऱ्याच्या साह्याने तो पुरा केलाच. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल पुरविले, शाहू छत्रपतींच्या कोल्हापूरचा आश्रय लाभला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

१९२० साली पुण्यात सैरंध्री झळकला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की प्रेक्षक हादरले आणि त्याला कात्री लावावी लागली. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली ती याच सुमारास. रंगभूमीचे पडदे रंगवून नावारूपास आलेल्या या माणसाने चित्रपटातून रंगविलेला पडदाच हद्दपार केला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सपाट कापडावरचा महाल कॅमेऱ्यासमोर खोटा दिसतो, हे त्यांच्या चित्रकाराच्या डोळ्याने ताबडतोब ओळखले. त्यांनी लांबी, रुंदी आणि खोली असलेले देखावे उभारले. भिंतीला जाडी आली, खांबांची सावली पडू लागली, पात्र खांबामागून पुढे येऊ लागले. चित्रीकरणापूर्वी ते प्रत्येक दृश्याचे रेखाटन करीत. पात्राचा पोशाख, त्याची उभे राहण्याची ढब, त्याची हालचाल, सारे आधी कागदावर उतरे. पात्राला पडद्यावर शब्द नव्हता, तेव्हा शब्दाचे काम रेषेने आणि प्रकाशाने करावयाचे, हे त्यांचे शास्त्र होते.

प्रकाशाच्या बाबतीत तर ते काळाच्या पुढे होते. त्या वेळचे चित्रीकरण सूर्यावर अवलंबून असे. बाबुरावांनी उन्हाची तिरीप हवी तिकडे वळविण्यासाठी परावर्तक वापरले. १९२३ च्या सिंहगडमध्ये त्यांनी कृत्रिम दिवे लावून रात्रीचा प्रसंग रात्रीसारखा दाखविला. तानाजीची चढाई ही मुळात काळोखातील गोष्ट आहे. ती लख्ख उन्हात दाखविली तर कथा तीच राहते, पण छातीतील धडधड नाहीशी होते. तंत्र आणि आशय यांचे नाते याहून सोप्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

तथापि बाबुरावांचे खरे मोठेपण आहे ते १९२५ च्या सावकारी पाश या मूकपटात. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात ना देव होते, ना राजे. सावकाराच्या लबाडीने जमिनीला मुकलेला एक शेतकरी गाव सोडतो आणि शहरातील गिरणीत मजूर होतो, एवढीच ती गोष्ट. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. भरजरी मुकुट आणि चमत्कार यांना सरावलेल्या पडद्यावर फाटके धोतर आणि रिकामी चूल आली. भारतीय चित्रपटातील वास्तववादाची सुरुवात अनेक अभ्यासक येथूनच मानतात.

१९३६ मध्ये बाबुरावांनी हाच विषय बोलपटात पुन्हा हाताळला. त्यातील एक दृश्य जे. बी. एच. वाडिया यांच्यासारख्या मुरब्बी निर्मात्याच्या मनात कायमचे घर करून राहिले. मंद, जवळजवळ विझलेल्या उजेडात दूरवरून दिसणारी एक उदास झोपडी आणि कुत्र्याचे रडणे, एवढेच ते दृश्य. त्याची फोड करून पाहावी. कॅमेरा दूर आहे, म्हणून झोपडी लहान दिसते आणि तिच्याभोवतीचा काळोख मोठा. उजेड कमी आहे, म्हणून घरात कोणी जागे आहे की नाही, हेही कळत नाही. आवाज आहे, पण तो माणसाचा नाही. कर्जाचे आकडे, व्याजाचा दर, खोटा कागद यांपैकी काहीही त्या क्षणी पडद्यावर नाही, तरी एका कुटुंबाचा सर्वनाश प्रेक्षकाला उमगतो. बोलपट आल्यावर बहुतेकांनी ध्वनीचा उपयोग संवाद आणि गाणी यांसाठी केला, बाबुरावांनी तो शांतता ऐकविण्यासाठी केला.

अशा कलाकृतीचे स्वागत कसे झाले? मूकपट सावकारी पाश धंद्याच्या दृष्टीने चालला नाही. प्रेक्षकांना पुराणे आणि इतिहास हवा होता, आणि कंपनीला पुन्हा त्याच वाटेने जावे लागले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनी काढली. थोड्याच काळात महाराष्ट्र फिल्म कंपनीची अखेर झाली. उषा, प्रतिभा असे काही चित्रपट बाबुरावांनी पुढे केले, पण मन चित्रे आणि शिल्पे यांतच अधिक रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

गुरू मागे पडला, पण त्याची विद्या पुढे गेली. प्रभातच्या १९३७ मधील कुंकूची कथाही नारायण हरी आपट्यांचीच. त्यातील वृद्ध नवऱ्याच्या घरातील घड्याळ जरठ-विवाहाचे दुःख जे सांगून जाते, ते पानभर संवादांनाही साधले नसते. निर्जीव वस्तूला बोलते करण्याची ही दृष्टी कोल्हापूरच्या शाळेतील होती.

दुर्दैव असे की हे सारे आज बव्हंशी ऐकूनच मानावे लागते. सावकारी पाश मूकपटाची प्रत उरलेली नाही. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट तयार झाले, त्यांतील मोजकेच काय ते वाचले. आपण किल्ल्यांच्या पडझडीबद्दल हळहळतो, परंतु फिल्मच्या डब्यांत नाहीशा झालेल्या इतिहासाबद्दल एक उसासाही टाकत नाही.

पनवेलच्या वाचकाला या हानीचे मोल अधिक कळावे. १९७० च्या दशकात नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले आणि १६ व १७ तारखेला जासई परिसरातील गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. बाबुरावांच्या निधनाला त्या १६ जानेवारीस बरोबर तीस वर्षे होत होती. हा केवळ योगायोग, पण जमीन गेलेल्या माणसाचा प्रश्न त्या तीस वर्षांत संपला नव्हता, हे मात्र खरे. येथे सावकाराच्या जागी नगररचना होती आणि खोट्या कागदाच्या जागी अधिसूचना, एवढाच काय तो फरक.

भातखाचरांच्या जागी आज इमारती आहेत. मोबदल्याच्या नोंदी दप्तरात सापडतील, मोर्च्यांच्या बातम्या जुन्या अंकांत सापडतील. पण जमीन गेली त्या रात्री एखाद्या घरातील उजेड कसा होता, हे कोणतेही दप्तर सांगणार नाही. ते सांगण्याचे सामर्थ्य बाबुरावांच्या कॅमेऱ्यात होते. शाळांतून मुलांना कवितेचे रसग्रहण शिकविले जाते, तसे चित्राचेही शिकविले, तर पुढचा कॅमेरा कोठे रोखावा हे त्यांना कळेल. कदाचित त्यांतीलच कोणी या मातीतील ती झोपडी पुन्हा पडद्यावर आणील.