हाफकिन : प्रयोगशाळा आणि प्रार्थना

सर्पदंशाचा रुग्ण धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून रुग्णालयात येतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या दंडाला भगताने बांधलेला दोरा असतो. त्याच हाताच्या शिरेतून प्रतिसर्पविष सुरू होते. हे औषध बनवणाऱ्या संस्थांमध्ये परळच्या ‘हाफकिन’चे नाव जुने आहे. दोरा आणि सुई यांच्यात भांडण असलेच पाहिजे का, हा प्रश्न त्या नावामागच्या माणसाला आयुष्यभर पुरला.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. घराणे ज्यू. विद्यापीठात त्यांना एली मेचनिकॉफ यांच्यासारखे गुरू लाभले. पण रशियन साम्राज्यात ज्यू माणसाला प्राध्यापकी हवी असेल, तर बाप्तिस्मा घ्यावा लागे. हाफकिन तेव्हा फारसे धार्मिक नव्हते. तरीही नोकरीसाठी धर्म बदलणे म्हणजे खोटे बोलणे, असे मानून त्यांनी नकार दिला. जिनिव्हामार्गे ते पॅरिसला गेले. तिथल्या पाश्चर संस्थेत त्यांना काम मिळाले ते ग्रंथालयात. उरलेल्या वेळात त्यांनी पटकीवर लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. काही आठवड्यांतच हाफकिन मुंबईत दाखल झाले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात अपुऱ्या जागेत व मोजक्या मदतनीसांसह कामाला लागले. प्लेगचे जंतू मांसाच्या रसात वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे म्हणजे जंतू तुपाला धरून खाली लोंबत वाढतात, मग उष्णतेने ते मारायचे, अशी ही पद्धत. रसासाठी गोमांस किंवा डुकराचे मांस वापरले तर हिंदू आणि मुसलमान दोघेही लस नाकारतील, म्हणून बकऱ्याचे मांस वापरले गेले. समोरच्याच्या श्रद्धेचा विचार असा लस बनवतानाच झाला. त्याने लसीचे काही बिघडले नाही.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घनसेंटिमीटर लस, म्हणजे पुढे इतरांना दिली त्याहून मोठी मात्रा, स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने टोचून घेतले. टोचण्याच्या दिवशीच आजारी असलेले वगळून पुढे मोजदाद झाली. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, मृत्यू एकही नाही. अन्न, पाणी आणि कोठड्या सर्वांच्या सारख्याच होत्या. फरक होता तो टोचणीचा.

तरी आकड्यांनी लोक आले नाहीत. पुण्यात सोजिरांनी घरांत, देवघरांत शिरून झडत्या घेतल्या होत्या. त्या संतापातून जून १८९७ मध्ये रँडचा वध झाला. सरकारी माणसाची सुई म्हणजे धर्म बुडवण्याचा डाव, असेच अनेकांना वाटे. अशा वेळी खोजा इस्माइली समाजाचे तरुण धर्मगुरू तिसरे आगाखान पुढे आले. त्यांनी अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले, प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली, आणि त्यांच्या समाजातील हजारो लोक लसीला तयार झाले. लस गुणकारी आहे हे मोजणीने ठरले होते. ती आपल्या वैऱ्याची नाही, हे मात्र लोकांना आपल्या माणसाकडूनच ऐकायचे होते.

मग खुद्द विज्ञानानेच त्यांची परीक्षा पाहिली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मेले. चौकशीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ढकलला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. खरे तर बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा मातीत पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला गेला होता. बाटली ४१ दिवस आधी भरलेली होती. जंतू तेव्हाच शिरले असते तर उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. हा पुरावा असूनही न्यायाला पाच वर्षे लागली. हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीर पत्र लिहिले, तेव्हा कुठे कलंक पुसला. पूर्वग्रह फक्त देवळातच असतो असे नाही. तो चौकशी समितीच्या टेबलावरही बसतो.

हाफकिन कोलकात्यात परतले, पण पूर्वीचे अधिकार मिळाले नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त झाले आणि युरोपात गेले. याच काळात ते आचारधर्म कसोशीने पाळू लागले. १९१६ मध्ये त्यांनी सनातन ज्यू परंपरेच्या बाजूने एक निबंध लिहिला: परंपरा, श्रद्धा आणि सोसलेले दुःख माणसांना एकत्र बांधते, ते बंधन तोडू नये, असा त्याचा सूर होता. मात्र लस गुणकारी आहे की नाही, हे त्यांनी कधी धर्मग्रंथात शोधले नाही. ते मोजूनच ठरवले. आणि कसे जगावे, हे त्यांनी परीक्षानळीला विचारले नाही. खोटेपणा मात्र दोन्हीकडे चालणार नाही, हा त्यांचा नियम होता.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे ते वारले. लग्न केले नव्हते. संपत्ती पूर्व युरोपातील धर्मपाठशाळांसाठी ठेवली होती.

याहामोगीला नवस बोलणाऱ्या आईला तो नवस सोडायला सांगण्याची गरज नाही. साप चावला तर हाताला आवळून काही बांधू नये, चिरू नये, आणि वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. उपचार सुरू झाले की प्रार्थना खुशाल करावी. भगताने ‘आधी दवाखान्यात न्या’ एवढे जरी सांगितले, तरी आगाखानांनी मुंबईत केले तेच काम सातपुड्यात होईल.