चिंतामणराव देशमुख

सर चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१४ जानेवारी १८९६ – २ ऑक्टोबर १९८२) हे भारतीय प्रशासक, अर्थतज्ज्ञ, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री होते. ते सी. डी. देशमुख या नावानेही ओळखले जातात.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म महाडजवळील नाते (जि. रायगड) येथे झाला. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत प्रथम येऊन त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात निसर्गविज्ञानाचा अभ्यास केल्यावर १९१८ मध्ये ते आय.सी.एस. परीक्षेतही पहिले आले. मध्य प्रांत व वऱ्हाड येथे त्यांची प्रशासकीय कारकीर्द घडली. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले.

स्टर्लिंग शिलकेचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारतातून घेतलेल्या माल व सेवांची किंमत लंडनमध्ये पौंडांत जमा होत गेली. त्या जमेच्या आधारावर भारतात रुपये छापले गेले. महागाई भडकली आणि टंचाईची झळ सामान्य जनतेला सोसावी लागली. अशा रीतीने गरीब भारत धनको आणि त्याच्यावर राज्य करणारा ब्रिटन ऋणको झाला. युद्धाअखेर ही रक्कम सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली होती. तिच्यात कपात करावी, असा मतप्रवाह ब्रिटनमध्ये होता.

जुलै १९४४ मधील ब्रेटन वुड्स परिषदेच्या भारतीय शिष्टमंडळात जेरेमी रेझमन, थिओडोर ग्रेगरी, षण्मुखम चेट्टी व ए. डी. श्रॉफ यांच्यासह देशमुख होते. या शिलकेची परतफेड आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कक्षेत आणावी, ही भारताची मागणी ब्रिटन व अमेरिकेच्या विरोधामुळे फेटाळली गेली. नाणेनिधीत भारताला ४० कोटी डॉलरचा हिस्सा मात्र मिळाला.

पुढील वाटाघाटी थेट ब्रिटनशी झाल्या. गव्हर्नर या नात्याने देशमुखांचा त्यांच्याशी निकटचा संबंध होता. १४ ऑगस्ट १९४७ च्या तात्पुरत्या करारानुसार शिल्लक असलेल्या सुमारे ११६ कोटी पौंडांपैकी वर्षअखेरपर्यंत केवळ ६.५ कोटी पौंड वापरास मोकळे झाले. उर्वरित रक्कम वेगळ्या खात्यात गोठवण्यात आली. स्वातंत्र्याच्या पूर्वसंध्येला हक्काच्या पैशासाठीही भारताला ऋणकोच्या संमतीवर अवलंबून राहावे लागले. तथापि कर्जात सरसकट कपात झाली नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाल्याने या शिलकेचे डॉलरमधील मूल्य मात्र घटले.

अर्थमंत्री व राजीनामा

१९५० ते १९५६ या काळात ते केंद्रीय अर्थमंत्री होते. १९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. इंपीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर (१९५५) व आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण (१९५६) त्यांच्याच कारकिर्दीत झाले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवून केंद्रशासित करण्याच्या निर्णयाला विरोध म्हणून १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला त्यामुळे मोठे नैतिक बळ मिळाले.

उत्तरायुष्य

पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार, तर १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. कालिदासाच्या 'मेघदूता'चा त्यांनी मराठीत अनुवाद केला. समाजसेविका व संविधान सभेच्या सदस्य दुर्गाबाई देशमुख या त्यांच्या पत्नी. चिंतामणरावांचे हैदराबाद येथे निधन झाले.