विभावरी शिरूरकर : दडपलेल्या मनाची वाणी

स्त्रीमनातील असमाधानाचे मूळ सिग्मंड फ्रॉइड तिच्या देहरचनेत शोधीत होते, त्याच काळात, १९३३ साली, ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह मराठीत अवतरला. विभावरी शिरूरकर या टोपणनावामागे होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१). शिकलेल्या, मिळवत्या, तरीही विवाहसुखापासून वंचित राहिलेल्या तरुणींची घुसमट देहातून नव्हे, तर घरच्या व समाजाच्या व्यवस्थेतून उपजते, हे त्यांनी दाखविले. मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नी यांचा फ्रॉइडशी मतभेद याच जातीचा होता.

समाज खवळला, लेखिकेचा शोध सुरू झाला. दडपलेली इच्छा वेश पालटून प्रकटते, हा मनोविश्लेषणाचा सिद्धान्त. येथे स्त्रीच्या सत्यालाच नाव पालटावे लागले. खासबागेतील वाचकांनी तो संग्रह पुन्हा हाती घ्यावा.