आर्मेनियाची कोकिळा : गोहर गास्पारियन

आईच्या किंवा ताईच्या कपाटात 'लॅक्मे' नावाचं काजळ तुम्ही नक्की पाहिलं असेल. टाटा समूहाने १९५२ साली ही कंपनी सुरू केली आणि नाव घेतलं एका फ्रेंच ऑपेराचं. त्या ऑपेरातली लॅक्मे म्हणजे आपल्याच देशातली, एका ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी. लक्ष्मी या नावाचा तो फ्रेंच उच्चार! ही लॅक्मे रंगभूमीवर गाणाऱ्या एका मोठ्या गायिकेची ओळख आज करून घेऊया. तिचं नाव गोहर गास्पारियन.

आधी ऑपेरा म्हणजे काय ते पाहू. आपल्या संगीत नाटकात पात्रं बोलतात आणि मधे मधे पदं गातात. ऑपेरात मात्र बहुतेक सगळं गाऊनच सांगायचं असतं. समोर मोठा वाद्यवृंद असतो, आणि गळ्यासमोर माइक नसतो. तरी शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत सूर पोचला पाहिजे. स्त्रियांच्या सर्वांत उंच आवाजाला 'सोप्रानो' म्हणतात. त्यातही जिच्या गळ्यातून वेगवान ताना लीलया निघतात ती 'कोलोरातुरा' सोप्रानो. गोहर ही अशी गायिका होती.

तिचा जन्म १४ डिसेंबर १९२४ रोजी इजिप्तची राजधानी कैरो येथे एका आर्मेनियन कुटुंबात झाला. आता तुम्ही विचाराल, आर्मेनियन लोक इजिप्तमध्ये कसे? तसे ते व्यापारानिमित्त फार पूर्वीपासून सगळीकडे पसरले होते, अगदी आपल्या कोलकात्यापर्यंत. पण १९१५ पासून तुर्की साम्राज्यात आर्मेनियन लोकांचा भयंकर संहार झाला. जे वाचले ते मिळेल तिकडे गेले. अलेप्पो, बैरुत, कैरो अशा शहरांत त्यांच्या वस्त्या वाढल्या. तिथे त्यांनी स्वतःच्या शाळा आणि चर्च चालवून भाषा जपली.

कैरो हे ऑपेराचं शहर होतं. तिथलं ऑपेरागृह १८६९ साली 'रिगोलेत्तो' या ऑपेराने सुरू झालं होतं. गोहरने तिथेच पाश्चात्त्य पद्धतीचं गायन शिकून घेतलं आणि कैरो रेडिओवर ती गाऊ लागली. पुढे याच 'रिगोलेत्तो'तली जिल्दा ही तिच्या गाजलेल्या भूमिकांपैकी एक ठरली.

१९४८ साल उजाडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सरकारने जगभरच्या आर्मेनियन लोकांना मायदेशी परत येण्याचं आवाहन केलं होतं. 'परत' हा शब्द जरा विचित्रच आहे, कारण येणाऱ्यांपैकी कित्येकांनी तो प्रदेश कधी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. १९४६ ते १९४८ या काळात सुमारे नव्वद हजार माणसं तिकडे गेली. त्यांत तेवीस वर्षांची गोहरही होती.

कैरोसारखं गजबजलेलं शहर सोडून गेलेल्या या लोकांना तिथे काय मिळालं? युद्धाने दमलेला देश. राहायला जागा नाही, खायची चणचण. बोलीसुद्धा निराळी! हे लोक पश्चिमेकडची आर्मेनियन बोलत आणि येरेवान शहरात पूर्वेकडची चाले. स्थानिक लोक त्यांना उपरे समजत. १९४९ साली तर हजारो आर्मेनियन कुटुंबांना उचलून दूर सायबेरियाकडे अल्ताई भागात पाठवलं गेलं, आणि त्यांत नव्याने आलेलेही होते. एकदा आत आल्यावर परतीचा दरवाजा बंद होता. गोहर तिथे गेली तेव्हा हा सगळा धोका तिच्याही वाट्याला होताच.

पण तिला येरेवानचं ऑपेरागृह मिळालं आणि त्या रंगमंचाला ती मिळाली. जिल्दा, व्हायोलेता, रोझिना अशा वीसहून अधिक भूमिका तिने केल्या. लॅक्मेचं 'घंटांचं गाणं' तर तिच्या गळ्यासाठीच लिहिलंय असं वाटावं. कथेत बाप मुलीला भर बाजारात गायला लावतो. मंदिराच्या बागेत घुसलेला इंग्रज अधिकारी तिचा आवाज ऐकून पुढे येईल आणि ओळखू येईल, हा त्याचा डाव. सुरुवातीला वाद्यं गप्प असतात, शब्दही नसतात, नुसती तान. शेवटी लॅक्मे धोतऱ्याचं पान खाऊन प्राण देते. (आपल्याकडचा धोतरा पॅरिसच्या नाटकात कसा पोचला, याची मला फार गंमत वाटते.)

मात्र आर्मेनियन माणसाच्या मनात ती राहिली 'अनुश' म्हणून. तिग्रानियान यांचा हा ऑपेरा १९१२ साली प्रथम झाला. गावातल्या एका लग्नात दोन मित्र कुस्ती खेळतात. लोकांसमोर मित्राची पाठ जमिनीला लावायची नाही असा रिवाज असतो. पण अनुश बघतेय म्हणून सारो भान विसरतो आणि तिच्याच भावाला चीत करतो. त्या अपमानापायी भाऊ सारोचा जीव घेतो, आणि अनुश वेडी होते. डोंगरातल्या त्या खेडवळ मुलीचं दुःख कैरोत वाढलेल्या गोहरने गायलं, आणि लोकांनी ते आपलं मानलं.

१९५६ साली तिला 'सोव्हिएत संघाची लोककलावंत' हा मोठा किताब मिळाला, १९८४ मध्ये 'समाजवादी श्रमवीर' हा सन्मान. येरेवानच्या कोमितास संगीत विद्यालयात तिने मुलामुलींना शिकवलं. तिचे पती तिग्रान लेवोनियान हेही ऑपेरातले गायक. लोक तिला आर्मेनियाची बुलबुल म्हणत. मी शीर्षकात कोकिळा लिहिलंय, कारण गोड गळ्याला आपल्याकडे कोकिळेचीच उपमा देतात.

तिच्या नावाचीही एक गंमत सांगते. गोहर म्हणजे रत्न. मूळ शब्द फारसी घराण्यातला. आपले जवाहीर, जव्हेरी हे शब्द त्याच मुळातून आलेत. १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोनवर गाणाऱ्या आपल्या गौहर जान यांचंही नाव तेच आणि त्यांचे वडीलही आर्मेनियन! दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही बरं का.

१६ मे २००७ रोजी येरेवानमध्ये गोहरचं निधन झालं. देशातले थोर कलावंत जिथे चिरनिद्रा घेतात, त्या कोमितास स्मारकस्थळी तिला दफन केलं आहे. तिची ध्वनिमुद्रणं आजही ऐकायला मिळतात. घंटांचं गाणं लावा, आणि वाद्यं सुरू होण्याआधीची ती एकट्या गळ्याची तान डोळे मिटून ऐका.