विश्लेषण : दिवसभर एकट्याने माईक सांभाळणारे बॉबी तल्यारखान कोण होते?

खारघरहून सीएसएमटीकडे जाताना लोकलमध्ये मोबाइलवर क्रिकेट सामना लावला, तर तासाभरात पाच-सहा समालोचकांचे आवाज ऐकू येतात. भारतात रेडिओवर समालोचन सुरू झाले तेव्हा मात्र दिवसभर एकच माणूस बोलत असे. ए. एफ. एस. ऊर्फ बॉबी तल्यारखान हे त्यांचे नाव.

सुरुवात कशी झाली?

पारशी कुटुंबातील तल्यारखान यांचा जन्म १८९७ चा. मुंबईतील चौरंगी स्पर्धेचे समालोचन त्यांनी १९३४ मध्ये केले. देशातील पहिल्या रेडिओ समालोचकांत त्यांची गणना होते. जेवण आणि चहापानाची वेळ सोडली, तर माईक त्यांच्याकडेच असे. चेंडू कुठे गेला एवढे सांगून ते थांबत नसत. कोणाचे काय चुकले, हेही ते स्पष्ट सांगत.

पंचरंगीला विरोध का?

चौरंगीची पुढे पंचरंगी झाली. त्यात हिंदू, मुस्लीम, पारशी असे धर्मावरून संघ असत. १९४० मध्ये महात्मा गांधींनी अशा सामन्यांबद्दल नापसंती व्यक्त केली. या स्पर्धेनेच तल्यारखान यांचा आवाज घरोघरी पोहोचवला होता, तरी तेही तिच्या विरोधकांत होते. १९४६ मध्ये स्पर्धा कायमची बंद झाली.

माईक का सोडला?

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ प्रथमच भारतात आला. आकाशवाणीने समालोचनासाठी तिघांची व्यवस्था केली. तल्यारखान यांना माईकची वाटणी मान्य नव्हती, ते बाहेर पडले. आकाशवाणीचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पाच दिवस एकच माणूस बोलणार, म्हणजे श्रोत्याला त्याच्याच आवडीनिवडी ऐकाव्या लागणार. पुढे अनेक समालोचकांची पद्धतच रूढ झाली. तल्यारखान वृत्तपत्रांतून मात्र परखडपणे लिहीत राहिले. १९७२-७३ च्या इंग्लंड मालिकेत ते रेडिओवर परतले, ते दिवसभराच्या खेळाचा आढावा घेण्यासाठी. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

आज त्यांची आठवण का?

२०१६ मध्ये हर्षा भोगले आयपीएलच्या समालोचनातून बाहेर झाले. २०२० मध्ये संजय मांजरेकर यांना बीसीसीआयच्या समालोचकांच्या यादीतून वगळण्यात आले. तल्यारखान यांनी माईक स्वतःहून सोडला होता. या दोघांबाबत निर्णय दुसऱ्यांनी घेतला. ज्या मंडळाच्या कारभारावर बोलायचे, तेच समालोचक नेमत असेल, तर समालोचक किती मोकळेपणाने बोलणार? तल्यारखान यांचा एकट्यानेच बोलण्याचा हट्ट आज कोणी धरणार नाही. पण न पटलेली गोष्ट माईकवर सांगण्याची मोकळीक समालोचकाला हवीच. ती नसेल, तर पाच-सहा आवाज असूनही प्रेक्षकाच्या कानावर एकच बाजू येईल.